घरे वाढली, राहणारे वाढले नाहीत : सेंट आइव्हजचे प्रकरण

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे आणि त्याच्याही टोकाजवळ, उत्तर किनाऱ्यावर, सेंट आइव्हज हे छोटे गाव. जवळच्या कार्बिस बे आणि लेलंट या वस्त्या धरल्या तरी लोकसंख्या 11,000 च्या आसपास. 2001 ते 2011 या दहा वर्षांत या भागातील घरांची संख्या 16 टक्क्यांनी वाढली. कायम राहणारी माणसे मात्र वाढली फक्त 2.4 टक्के. त्याच काळात तिथल्या तरुण जोडप्यांना, हॉटेलात काम करणाऱ्यांना, शाळेतल्या शिक्षकांना घर मिळेनासे झाले. घरे बांधली जात होती आणि घरटंचाई वाढत होती, दोन्ही एकाच वेळी.

घरटंचाई म्हटली की उत्तर ठरलेले असते: बांधकाम कमी पडते आहे, आणखी बांधा. शहरांच्या बाबतीत ते बहुतेकदा खरेही असते. सेंट आइव्हजचे आकडे मात्र या उत्तरात बसत नाहीत, म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. 2016 मध्ये गावाने यावर एक धाडसी नियम केला, तो न्यायालयातही टिकला, आणि तरीही टंचाई हटली नाही. का हटली नाही, हे समजून घेताना टंचाईची खरी कारणे हाती लागतात.

शंभर घरांचा हिशेब

त्या दशकाचे आणखी दोन आकडे आहेत. कायम राहणारी कुटुंबे 6 टक्क्यांपेक्षाही कमी वाढली. आणि ज्या घरांत कायमचे कुणी राहत नाही, म्हणजे सुट्टीपुरती वापरायची दुसरी घरे आणि पर्यटकांना भाड्याने द्यायची घरे, ती 67 टक्क्यांनी वाढली. 2011 च्या जनगणनेपर्यंत या भागातले साधारण प्रत्येक चौथे घर या प्रकारात मोडत होते.

हे टक्के एकत्र मांडून पाहू. समजा 2001 मध्ये गावात 100 घरे होती. मग वरच्या आकड्यांशी जुळण्यासाठी त्यातली सुमारे 84 राहती आणि 16 सुट्टीची असायला हवीत. दहा वर्षांनी घरे झाली 116. त्यात राहती 89, सुट्टीची 27. म्हणजे 16 घरांची भर पडली आणि त्यातली सुमारे 11 सुट्टीच्या बाजूला गेली, राहणाऱ्यांच्या वाट्याला आली 5. हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट आहे: गावाने तीन घरे वाढवावीत तेव्हा कुठे एक गावकऱ्यांच्या वाट्याला यावे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. सुट्टीच्या बाजूला गेलेली ती 11 घरे म्हणजे नवी बांधलेलीच घरे, असे या आकड्यांतून सिद्ध होत नाही. नव्या घरात एखादे स्थानिक कुटुंब गेले असेल आणि त्याच वेळी बंदराजवळची तीन जुनी घरे विकली जाऊन सुट्टीची झाली असतील. आकडा शेवटी गोळाबेरीज दाखवतो. गळती कुठून होते आहे ते तो सांगत नाही.

लोकसंख्या आणि कुटुंबे यांच्या वाढीतला फरकही बोलका आहे. माणसे 2.4 टक्क्यांनी वाढली आणि कुटुंबे त्याहून जास्त, म्हणजे कुटुंबे लहान होत गेली. निवृत्त होऊन किनाऱ्यावर राहायला येणारी जोडपी, मागे एकटे राहिलेले वृद्ध, विभक्त झालेली कुटुंबे. तेवढ्याच माणसांना जास्त घरे लागतात. दुसरे घर घेणाऱ्यांवर सगळा राग काढताना हे कारण नजरेआड होते.

दोन पाकिटे, एक घर

सेंट आइव्हज हे पिल्चर्ड माशांवर जगणारे कोळ्यांचे बंदर होते. 1877 मध्ये रेल्वेची शाखा इथवर आली आणि सुट्टी घालवायला येणाऱ्यांचा रस्ता मोकळा झाला. पुढे मासळी आटली. प्रकाश आणि स्वस्त जागा यांच्या ओढीने चित्रकार, शिल्पकार आले. 1993 मध्ये पोर्थमिअर किनाऱ्यासमोर टेट या कलासंग्रहालयाची शाखा उघडली. गावाचे नाव झाले, आणि नावासोबत घरांचे भाव चढले.

पर्यटन हा गावाचा पोटापाण्याचा धंदा आहे आणि तो तोट्याचा नाही. अडचण अशी की या धंद्यातले पगार कमी आणि बरेचसे हंगामी असतात. कॉर्नवॉलमधली सरासरी कमाई देशाच्या सरासरीपेक्षा बरीच खाली आहे. घर विकत घेताना मात्र इथल्या वेटरची, परिचारिकेची किंवा सुताराची स्पर्धा लंडनमध्ये पगार मिळवणाऱ्याशी किंवा तिथले घर विकून हातात रोख पैसा असणाऱ्याशी होते. घराची किंमत स्थानिक पगारावर ठरत नाही, बाहेरून येणाऱ्या पाकिटावर ठरते. गावकऱ्याच्या कर्जाची मर्यादा त्याच्या पगाराशी बांधलेली असते, त्यामुळे तो बोली लावण्याआधीच बाद होतो.

यात कुणी वाईट माणूस शोधायची गरज नाही. विकणारा बऱ्याचदा गावातलाच असतो. आईवडिलांचे घर तीन भावंडांत वाटायचे असते, त्यातली दोघे बाहेरगावी असतात, आणि जास्तीत जास्त किंमत देणाऱ्याला घर जाते. प्रत्येक व्यवहार आपापल्या जागी समजण्यासारखा असतो. परिणाम मात्र साऱ्या गावाला भोगावा लागतो.

जमीन मुळातच कमी आहे. एका बाजूला समुद्र, मागे चढ. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याचे मोठे पट्टे निसर्गसौंदर्यासाठी संरक्षित आहेत आणि तिथे बांधकामावर कडक बंधने आहेत. ज्या दृश्यासाठी लोक येतात ते टिकवायचे तर बांधकाम आवरावे लागते, आणि बांधकाम आवरले की आहे त्या घरांचे मोल वाढते. या पेचातून सोपी सुटका नाही.

पुरवठ्याच्या बाजूचे आणखी एक मोठे कारण देशपातळीवरचे आहे. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक परिषदांच्या, म्हणजे नगरपालिकेसारख्या संस्थांच्या, घरांतील भाडेकरूंना ती घरे मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. अनेक कुटुंबांना त्यातून पहिल्यांदा स्वतःचे छप्पर मिळाले, हे नाकारता येत नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे बांधली गेली नाहीत. शहरात अशी घरे हजारोंनी होती. लहान गावात ती मुळातच मूठभर, आणि एकदा खुल्या बाजारात आली की दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीत ती कुणाकडेही जाऊ शकतात. कमी पगाराच्या माणसाचा जो शेवटचा आधार होता, तोच आटला.

एका घराची गोष्ट

बंदराला लागून असलेल्या जुन्या कोळीवाड्याला तिथले लोक ‘डाऊनअलाँग’ म्हणतात. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली दगडी घरे. आज तिथे फिरताना दाराशेजारी आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या पेट्या दिसतात. पाहुणा येतो, आकडा जुळवतो, किल्ली काढतो. मालकाला तिथे असावेच लागत नाही.

अशा एका घराचा हिशेब नमुना म्हणून करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. घर कर्जावर घेतलेले आहे. वर्षभराच्या भाडेकरूला दिले तर महिन्याला 1,000 पौंड, म्हणजे वर्षाला 12,000. पर्यटकांना दिले आणि वर्षातले 20 आठवडे भरले, सरासरी आठवड्याला 900 पौंड धरले, तर 18,000. त्यातून साफसफाई, चादरी धुणे, बुकिंगचे कमिशन जाईल. निव्वळ रकमेत फरक फार मोठा उरेलच असे नाही. खरा फरक पडतो तो पुढे, कराच्या पानावर.

2017 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2020 नंतर पूर्णपणे, साध्या भाडेकरूला घर देणाऱ्या मालकाला कर्जाचे व्याज उत्पन्नातून वजा करण्याची सोय राहिली नाही; त्याऐवजी फक्त मूळ दराने, म्हणजे 20 टक्क्यांनी, सवलत उरली. सुसज्ज सुट्टीचे घर चालवणाऱ्याला मात्र व्याज पूर्ण वजा करता येत राहिले, कारण कायद्याच्या दृष्टीने तो वेगळा वर्ग होता. हा भेद एप्रिल 2025 मध्ये संपला.

मग काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी. घरात वर्षभराचे भाडेकरू राहत असतील तर ती भरावी लागते, सहसा भाडेकरूला. सुट्टीचे घर व्यवसाय म्हणून नोंदवले की घरपट्टीऐवजी व्यावसायिक मालमत्तेचा कर लागू होतो, आणि मालमत्तेचे करमूल्य, म्हणजे कर आकारण्यासाठी धरलेले वार्षिक भाडेमूल्य, 12,000 पौंडांपर्यंत असेल, एकच मालमत्ता असेल, तर छोट्या व्यवसायाच्या सवलतीत तो शून्य होतो. म्हणजे दोन्हीपैकी काहीच भरायचे नाही. त्यातही 2023 च्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमध्ये घर वर्षातून 140 दिवस भाड्याने देण्यासाठी ‘उपलब्ध’ असले की पुरे होते. प्रत्यक्षात कुणी राहून गेले का, हे दाखवावे लागत नसे. आता किमान 70 दिवस घर खरोखर भाड्याने गेलेले असावे लागते.

हे वाचून मला सगळ्यात जास्त खटकते ते हे: गावात वर्षभर राहून, मुलांना तिथल्या शाळेत घालून, तिथेच काम करणाऱ्या कुटुंबाला घर देणे, हाच मालकासाठी सर्वांत कमी फायद्याचा मार्ग ठरला. आणि तो बाजाराने एकट्याने तसा ठरवला नाही. सरकारने लिहिलेल्या नियमांनी ठरवला. शिवाय 1988 च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम 21 खाली मालकाला कारण न देता दोन महिन्यांच्या सूचनेवर भाडेकरूला बाहेर काढता येत होते. त्यामुळे हिशेब बदलला की घराचा वापर बदलायला एक ऋतूही लागत नसे.

2020 मध्ये कोविड आला आणि या सगळ्याला वेग मिळाला. परदेशी सहली थांबल्या, घरून काम सुरू झाले, आणि सरकारने त्याच वर्षी जुलैपासून मुद्रांक शुल्कात तात्पुरती सूट दिली. किनाऱ्यावरच्या घरांना मागणी वाढली. भाड्याची घरे बाजारातून दिसेनाशी झाली. हॉटेलांना माणसे हवी होती, पण येणाऱ्या माणसाला राहायला जागा नव्हती. ज्या पर्यटनासाठी घरे वापरली जात होती त्याच पर्यटनाला कामगार मिळेनात. जून 2021 मध्ये जी-7 देशांच्या प्रमुखांची परिषद कार्बिस बेला भरली, तेव्हा जगभरच्या कॅमेऱ्यांना निळे पाणी आणि पांढरी वाळू दिसली. त्याच किनाऱ्यावर भाड्याचे घर शोधत फिरणारी कुटुंबे त्या चौकटीत नव्हती.

गावाने केलेला नियम

2011 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या गावांना आपला परिसर विकास आराखडा स्वतः करून सार्वमताला टाकण्याचा अधिकार दिला. सेंट आइव्हजने तो वापरला. आराखड्यातल्या ‘एच 2’ या कलमाचा आशय असा: यापुढे खुल्या विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या घराला परवानगी मिळेल ती त्यात राहणाऱ्याचे ते मुख्य निवासस्थान असेल या अटीवरच. अट पाळली जाते हे मतदार यादीतील नाव, स्थानिक दवाखान्यातील किंवा शाळेतील नोंद अशा पुराव्यांनी दाखवायचे. ही अट घरासोबत कायम राहते, पुढच्या खरेदीदारालाही लागू होते.

लक्षात घ्या, हा भूमिपुत्रांसाठीचा नियम नाही. खरेदीदार लंडनचा असो वा आणखी कुठला, त्याने इथे राहावे एवढीच अपेक्षा आहे. वृत्तपत्रांनी याला ‘बाहेरच्यांना बंदी’ असे रूप दिले, ते चूक होते. नियम माणसाच्या मुळावर बोट ठेवत नाही, घराच्या वापरावर ठेवतो, आणि मला त्याची हीच बाजू न्याय्य वाटते.

5 मे 2016 च्या सार्वमतात 80 टक्क्यांहून अधिक मते आराखड्याच्या बाजूने पडली. बांधकाम क्षेत्रातली एक कंपनी उच्च न्यायालयात गेली. दुसऱ्या घरांवर बंधन घालण्याऐवजी खुल्या विक्रीची घरे जास्त बांधण्याचा पर्याय पुरेसा तपासला गेला नाही आणि हा नियम युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाशी, म्हणजे खासगी जीवन आणि घर यांच्या हक्काशी, विसंगत आहे, असे तिचे म्हणणे होते. न्यायमूर्ती हिकिनबॉटम यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये ते फेटाळले. असा नियम करणारे सेंट आइव्हज पहिले नव्हे, एक्समूरमधल्या लिंटन आणि लिनमथ या जोडगावांनी तो आधीच केला होता. पण गाजले सेंट आइव्हज, आणि त्यानंतर बऱ्याच किनारी गावांनी त्याचे अनुकरण केले.

मग काय झाले? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांडलेला निष्कर्ष निराश करणारा होता. बंधन असलेल्या नव्या घरांना भाव कमी येऊ लागला, म्हणून विकासकांचा उत्साह ओसरला आणि नवे बांधकाम मंदावले. सुट्टीसाठी घर हवे असलेल्यांची मागणी कुठे गेली नाही. ती जुन्या घरांकडे वळली, कारण जुन्या घरांना नियम लागू नव्हता.

याला आणखी एक फाटा आहे, तो सहसा चर्चेत येत नाही. इंग्लंडमध्ये परवडणारी घरे मोठ्या प्रमाणात खासगी विकासकाकडूनच मिळतात. प्रकल्पाला परवानगी देताना त्यातली काही घरे कमी दरात द्यायची असा करार केला जातो, आणि त्याचा खर्च खुल्या विक्रीच्या घरांच्या नफ्यातून निघतो. त्या घरांचा भाव उतरला की नफा उतरतो आणि विकासक म्हणतो, इतकी स्वस्त घरे देणे मला झेपणार नाही. म्हणजे ज्यांना घर सर्वांत जास्त हवे त्यांचा पुरवठा ज्यांना ते हौसेसाठी हवे त्यांच्या खिशावर अवलंबून ठेवलेला होता. नियमाने एका टोकाला हात लावला आणि धक्का दुसऱ्या टोकाला बसला.

तरी ‘नियम फसला’ एवढेच म्हणून थांबणे मला पटत नाही. गावाने हाताला लागला तो दरवाजा बंद केला. नवी घरे दरवर्षी एकूण घरांच्या एक-दोन टक्के. उरलेली अठ्ठ्याण्णव जुनी. परिसर आराखड्याला फक्त नव्या बांधकामाबद्दल बोलता येते. जुने राहते घर विकले जाऊन सुट्टीचे झाले तर इंग्लंडच्या नियोजन कायद्यात तो वापरातला बदलच मानला जात नाही. राहते घर आणि दुसरे घर दोन्ही ‘सी 3’ या एकाच वर्गात मोडतात. गळती जिथून होत होती तिथे हात घालण्याचा अधिकार गावाला कधी मिळालाच नाही.

शेजारी काय घडले

वेल्सने ऑक्टोबर 2022 मध्ये हा वर्गच फोडला. मुख्य घर सी 3, दुसरे घर सी 5, अल्पकाळ भाड्याने द्यायचे घर सी 6. त्यामुळे स्थानिक नियोजन संस्थेला, तिने तसा आदेश काढला तर, एका वर्गातून दुसऱ्यात जायला परवानगी बंधनकारक करता येते. दुसऱ्या घरांवर 300 टक्क्यांपर्यंत जादा काउन्सिल टॅक्स लावण्याची मुभाही तिथल्या परिषदांना 2023 पासून आहे, आणि व्यावसायिक कराच्या यादीत जायचे तर घर वर्षातले 182 दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेले असावे लागते. इंग्लंडच्या 70 शी तुलना केली की फरक कळतो.

स्वित्झर्लंडने वेगळी वाट धरली. मार्च 2012 च्या जनमतात 50.6 टक्के मतांनी ठरले की ज्या गावात दुसरी घरे 20 टक्क्यांवर गेली आहेत तिथे नवी दुसरी घरे बांधायची नाहीत. तिथे संशोधकांना आढळले ते सेंट आइव्हजहून वेगळे: पर्यटनावर जगणाऱ्या डोंगरी गावांत मुख्य घरांचे भाव उतरले, पण बेरोजगारीही वाढली, कारण बांधकाम हाच तिथला मोठा रोजगार होता. भाव उतरल्याने विकत घेणाऱ्याचे भले झाले, आधीच घर असलेल्या गावकऱ्याचे नुकसान झाले. ‘स्थानिक’ हा एकच गट नसतो, हे त्यातून दिसते.

इंग्लंडनेही उशिरा का होईना, पावले टाकली आहेत. दुसरे घर घेताना नेहमीच्या मुद्रांक शुल्काखेरीज घराच्या किमतीवर एप्रिल 2016 पासून 3 टक्के आणि ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्के अधिभार आहे. एप्रिल 2025 पासून परिषदांना दुसऱ्या घरांवर दुप्पट काउन्सिल टॅक्स लावता येतो, आणि कॉर्नवॉलने तो लावला. 2004 पर्यंत याच घरांना त्या करात 50 टक्के सूट मिळत असे, हे आठवले की धोरण किती फिरले आहे ते कळते. पण मुद्रांक शुल्काचा अधिभार वर्षभराच्या भाडेकरूसाठी घर घेणाऱ्यालाही तितकाच लागतो. तो कायद्याला वेगळा दिसत नाही. आणि दुप्पट करातून सुटायचे तर 70 दिवस घर भाड्याने द्या, व्यावसायिक यादीत जा, हा मार्ग उघडाच आहे. एकट्याच्या सुट्टीचे घर मग पर्यटकांचे घर होईल. गावकऱ्याचे होणार नाही.

कॉर्नवॉलच्याच उत्तर किनाऱ्यावर, रॉक या अतिमहाग ठिकाणाजवळ, सेंट मिनव्हरच्या लोकांनी सामुदायिक भूमी न्यास, म्हणजे गावासाठी जमीन सामूहिक ताब्यात ठेवणारी संस्था, स्थापन केला. पहिल्या टप्प्यात 12 कुटुंबांनी आपली घरे बऱ्याच अंशी स्वतःच्या हातांनी बांधली. अट अशी घातली की घर पुन्हा विकताना बाजारभावाच्या ठरलेल्या हिश्श्यातच विकायचे आणि तेही स्थानिक गरजूलाच. बाहेरचे पाकीट तिथे बोली लावूच शकत नाही. सेंट आइव्हजसारख्या गावांना मला दोन गोष्टी एकत्र हव्याशा वाटतात: जुन्या घराचा वापर बदलताना परवानगी घ्यायला लावणारा वेल्ससारखा कायदा, आणि सार्वजनिक जमिनीवर, विकासकाच्या नफ्यावर न विसंबता बांधलेली आणि पुनर्विक्रीच्या अशा अटीने कायम बांधून ठेवलेली घरे. पहिल्यासाठी संसद लागते. दुसऱ्यासाठी जमीन लागते, आणि किनाऱ्यावरच्या परिषदांनी आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागा, वाहनतळ, बंद शाळा सर्वाधिक बोलीला विकण्याआधी त्यांची यादी तरी गावासमोर ठेवायला हवी.